कलोपचार : काय असतो, कोणी करावा आणि चित्र कोणाचे?

उन्हाळी शिबिरात, विहारात किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना कागद-खडू देऊन बसवणे आपल्या कार्यकर्त्यांना नवे नाही. अलीकडे अशा उपक्रमांच्या फलकावर ‘आर्ट थेरपी’ हे शब्दही दिसू लागले आहेत. हेतू चांगलाच असतो. पण अत्याचाराची घटना घडलेल्या वस्तीत किंवा परीक्षेच्या ताणाने खचलेल्या वसतिगृहात हे काम करायचे, तर या शब्दाचा अर्थ नेमका माहीत हवा. म्हणून ही माहिती देत आहोत.

कलोपचार ही मानसोपचाराची एक पद्धत आहे. प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने चित्र, रंग, माती, कोलाज अशा माध्यमांतून मनातले बाहेर आणायचे आणि ते हळूहळू हाताळायचे, असे तिचे स्वरूप. चित्रकला येत असलीच पाहिजे अशी अट नाही, चित्राला गुणही नाहीत. वर्गात आडनाव विचारून झालेली अवहेलना, घरातली मारहाण, जवळच्या माणसाचा मृत्यू हे पुष्कळांना बोलून दाखवता येत नाही. तेच कागदावर उतरले की आपल्यापासून हातभर अंतरावर येते. त्याच्याकडे पाहता येते, त्यात बदल करता येतो, नकोसे वाटले तर कागद उलटा करून ठेवता येतो.

‘आर्ट थेरपी’ हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये रूढ केला. १९३८ मध्ये क्षयरोगामुळे आरोग्यधामात पडून असताना त्यांनी स्वतःसाठी चित्रे काढायला सुरुवात केली आणि पुढे इतर रुग्णांनाही त्यात ओढले. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग यांनी याच दशकात ही पद्धत मानसोपचाराशी जोडली. पण आपल्या कामाच्या दृष्टीने तिसरे नाव आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांचे.

व्हिएन्नात १८९८ साली जन्मलेल्या फ्रीडल ज्यू होत्या आणि जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकल्या होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना चेकोस्लोव्हाकियातील टेरेझिन येथील बंदिवस्तीत पाठवले. सोबत नेता येणाऱ्या मोजक्या सामानात त्यांनी रंग आणि कागद घेतले. तिथे आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांचे वर्ग त्या घेऊ लागल्या. कागद संपला की कचेरीतले वापरलेले कागद आणि वेष्टने चालत. कधी त्या मुलांना तालावर रेषा ओढायला लावत, कधी जुन्या चित्रकारांची चित्रे समोर ठेवून कागदाच्या तुकड्यांतून ती पुन्हा रचायला लावत. उपासमार किंवा पहारेकरी काढा, असा आग्रह नव्हता. मुलांनी फुले काढली, घरे काढली, जेवणाचे टेबल काढले. आणि प्रत्येकाने चित्रावर आपले नाव लिहावे यावर त्यांचा कटाक्ष असे. जिथे माणसाचा आकडा झाला होता, तिथे हे नाव लिहिणे लहान गोष्ट नव्हती.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रीडल यांना ऑश्विट्झला नेऊन ठार मारण्यात आले. जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रे काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत. कलेने त्यांना वाचवले, असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. त्या खोलीतले काही तास मात्र मुलांचे स्वतःचे होते. टेरेझिनच्या आधी प्रागमध्ये निर्वासित मुलांच्या वर्गात फ्रीडल यांना मदत करणारी त्यांची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचली. तिने पुढे तिथल्या अडचणीतल्या मुलांसोबत काम करून बालकलोपचाराचा पाया घातला.

शास्त्र काय सांगते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि मानसिक आरोग्यासाठी कलेचा उपयोग होतो, असा निष्कर्ष काढला. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे चित्रे काढली, माती घडवली. सुमारे ७५ टक्के लोकांच्या शरीरातील कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी झाले, आणि त्यासाठी कलेचा पूर्वानुभव लागला नाही. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून यावरून ‘रंगवा आणि नैराश्य घालवा’ अशी जाहिरात कोणी करू नये.

कार्यकर्त्यांनी आपली मर्यादा इथेच ओळखावी. मोकळेपणाने चित्र काढायला जागा देणे कोणालाही जमते आणि ते मोलाचे आहे. त्याला ‘चित्रांचा तास’ म्हणावे, उपचार म्हणू नये. सुरुवात पेन्सिल, खडू, कोलाज यांनी करावी, कारण ही साधने हातात राहतात. पातळ रंग आणि ओली माती भावना लवकर मोकळ्या करतात, पण आधीच हादरलेल्या मुलाला ते झेपेलच असे नाही. ‘काय झाले ते काढ’ असे सांगू नये. काळा रंग म्हणजे नैराश्य, झाडाला मुळे नाहीत म्हणजे असुरक्षितता, असली भाषांतरे समाजमाध्यमांवर फार फिरतात. त्यांना आधार नाही. ‘याबद्दल सांगावेसे वाटते का?’ एवढे विचारावे आणि नाही म्हटले तर थांबावे.

कोणी जीव देण्याबद्दल बोलले किंवा तसे लिहिले, तर कागद बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे, एकटे सोडू नये आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत असून दिवसरात्र चालते. कलोपचारक म्हणून कोणाला बोलवायचे असेल, तर त्यांनी कुठे आणि किती काळ प्रशिक्षण घेतले हे विचारण्यात संकोच कसला?

आता चित्रांचा प्रश्न. अत्याचाराच्या घटनेनंतर पीडित कुटुंबातल्या मुलाचे चित्र मोर्चाच्या फलकावर किंवा व्हॉट्सॲप गटांवर टाकण्याचा मोह होतो, कारण ते शंभर भाषणांपेक्षा जास्त बोलते. आमच्या मते हे करू नये. मुलाने ते चळवळीसाठी काढलेले नसते, आणि वर्षभराने त्याच्या शाळेतली मुले तेच चित्र त्याला दाखवू शकतात. पालकांनी परवानगी दिली तरी मुलाचे ‘नको’ अखेरचे मानावे. चित्रे एका फाइलमध्ये बंद ठेवावीत, फोटो काढू नयेत, नाव लिहायचे की नाही ते मुलाला ठरवू द्यावे. चित्र घरी नेतो म्हणाला तर नेऊ द्यावे, आणि फाडून टाकतो म्हणाला तर फाडू द्यावे.