मुकी झालेली तार

दक्षिण दिल्लीत सरकारी नोकरांसाठी वसविलेल्या एका वसाहतीला झाशीच्या राणीचे नाव आहे : लक्ष्मीबाई नगर. तेथून काही मैल उत्तरेस, काश्मीरी दरवाज्याबाहेर, १८५७ साली दिल्लीचे तारघर होते. राणीचे नाव ज्या वर्षाशी कायमचे जोडले गेले, त्या वर्षाच्या वादळाची चाहूल दिल्लीला प्रथम या तारघरात लागली. आणि तीही संदेश आल्यामुळे नव्हे, न आल्यामुळे.

९ मे रोजी मीरतेस तिसऱ्या घोडदळातील ८५ शिपायांना बेड्या ठोकण्यात आल्या. दुसरा दिवस रविवारचा. तारघर सकाळी ९ ते दुपारी ४ बंद असे. चार वाजता यंत्र सुरू केले तो मीरतेकडून उत्तर येईना. तारमास्तर चार्ल्स टॉड याने ब्रेंडिश व पिल्किंग्टन या दोघा तरुण सहायकांना यमुनेवर धाडले. नदी ओलांडणारी केबल बिघडली असावी, हा पहिला संशय. पलीकडच्या तीरावरून त्यांनी यंत्र लावून पाहिले. दिल्लीशी बोलणे झाले, मीरतेशी होईना. अर्थात बिघाड नदीच्या पलीकडे, मीरतेच्या बाजूस होता. तर्क बिनचूक होता. पण सायंकाळ झाली होती, म्हणून पुढचे काम सकाळवर टाकले गेले. ११ मे रोजी सकाळी टॉड स्वतः तार दुरुस्त करावयास निघाला आणि मीरतेहून आलेल्या स्वारांच्या हातून मारला गेला.

तार का मुकी झाली, हे दिल्लीत बसून कळण्यास मार्ग नव्हता. तार तुटली, पलीकडचे यंत्र बिघडले किंवा पलीकडचे तारघरच नाहीसे झाले, तरी ऐकणाऱ्याला शांतता एकच. प्रत्यक्षात त्याच सायंकाळी मीरतेहून एक खासगी तार आग्र्यास पोचली होती. मीरत बोलत होते. मुके झाले होते ते दिल्लीपुरते.

दिल्लीहून अंबाल्याकडे जाणारी तार मात्र शाबूत राहिली. ती कशी सुटली, याचे नवल वाटते. तिच्यावरून त्या दोघा तरुणांनी दिल्लीची बातमी धाडली. ती लाहोरास गेली आणि १३ मे रोजी मियाँ मीर छावणीतील शिपायांची शस्त्रे काढून घेण्यात आली.

अनेक सर्व्हर एकत्र जोडून काम करविणाऱ्यांपुढे आज हाच पेच आहे. प्रत्येक सर्व्हर ठराविक वेळाने सोबत्यांना एक लहानशी खूण पाठवितो. तिला ‘हार्टबीट’ म्हणतात. काही खुणा चुकल्या की तो मेला असे समजून त्याचे काम दुसऱ्याकडे देतात. माइक म्यूस याने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला ‘पिंग’ हा कार्यक्रमही साद घालून प्रतिसादाची वाट पाहतो. पण गप्प राहिलेला सर्व्हर केवळ मंदावलेलाही असू शकतो. शिवाय मधला दुवाच तुटला, तर दोन्ही बाजू एकमेकींना मेलेल्या समजतात आणि एकाच वहीत दोघी लिहू लागतात. म्हणून निम्म्याहून अधिक सर्व्हर ज्या बाजूस असतील तिनेच काम चालवावे, असा नियम करतात. संदेशाच्या विलंबाला मर्यादाच नसेल, तर एक यंत्र बंद पडण्याच्या शक्यतेनेही इतरांचे एकमत होण्याची हमी ठरलेल्या कोणत्याही रीतीने देता येत नाही, हे फिशर, लिंच व पॅटरसन यांनी १९८५ साली सिद्ध केले. १९९६ साली तुषार चंद्रा आणि सॅम टूएग यांनी दाखविले की, बिघाड ओळखणारा मधूनमधून चुकला तरी चालते. अखेरीस त्याने काही चुका करणे थांबविले आणि बहुसंख्य यंत्रे टिकली, म्हणजे पुरे.

टॉड आणि त्याच्या सहायकांच्या स्मरणार्थ १९०२ साली काश्मीरी दरवाज्याजवळ एक स्तंभ उभारण्यात आला. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.