तसबिरीची पार्श्वभूमी

मेरठ जिल्ह्यातील सरधना या कसब्यात 1844 साली लाला दीनदयाळ यांचा जन्म झाला. रुरकीच्या टॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते 1866 मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नक्षानवीस म्हणून रुजू झाले, आणि पुढे त्यांच्या छायाचित्रणाला दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा आश्रय लाभला. मराठी दरबाराच्या या गुणग्राहकतेचा आपण पुरेसा अभिमान बाळगलेला नाही.

त्या काळी कॅमेऱ्यावर भिन्न प्रकृतीची दोन भिंगे विशेष चढत. पहिले, 1840 साली व्हिएन्नात योझेफ पेट्झव्हाल यांनी गणिताने सिद्ध केलेले, व्यक्तिचित्राचे. आधीच्या मंद भिंगांपुढे बसणाऱ्याला मिनिटेच्या मिनिटे निश्चल राहावे लागे. पेट्झव्हालनी सुमारे एफ/3.6 इतके मोठे छिद्र ठेवून हा जाच कमी केला, आणि त्या वाढीव प्रकाशाचे मोल म्हणून पार्श्वभूमी धूसर झाली. अशी एखादी तसबीर जवळून पाहावी: पापणीचा केस न् केस स्पष्ट, कानाच्या पाळीपाशी रेषा विरू लागलेली, आणि मागे झाडी असेल तर तिची पाने चौकटीच्या कडांशी भोवऱ्यासारखी फिरलेली. या भिंगाची प्रतिमा सपाट न पडता वक्र पृष्ठावर पडते, त्यात दृष्टिवैषम्याचा दोष मिसळतो, आणि लांब नळीत तिरपे किरण अडून प्रकाशाच्या चकत्या लांबट होतात. भोवऱ्याचे मूळ तेथे आहे.

दुसरे, डालमायर आणि श्टाइनहाइल यांनी 1866 च्या सुमारास स्वतंत्रपणे काढलेले सममित भिंग. छिद्र एफ/8 चे, पण इमारतीच्या सरळ रेषा ते वाकवीत नसे. सर लेपेल ग्रिफिन यांच्या 1886 च्या ग्रंथातील दीनदयाळांची ग्वाल्हेरची छायाचित्रे पाहिली म्हणजे कळते, की वास्तुचित्रात धूसरतेला मज्जाव होता.

धूसरता किती, हे छिद्र आणि अंतर ठरविते. ती मृदू की कर्कश, हे गोलीय विपथनाच्या दुरुस्तीवर अवलंबून. दुरुस्ती बेताची असेल तर मागच्या दिव्यांच्या चकत्या कडेला हळूहळू विरतात. अधिक झाली तर त्यांना ठळक कडा येते आणि नजर चेहऱ्यावरून ढळते.

एके काळी सोसलेला तो भोवरा आज हौसेने मागितला जातो. 2013 साली पेट्झव्हालचे भिंग नव्याने घडविण्यात आले. त्याचे सौंदर्य मला मान्य आहे. तथापि घरच्या वडीलधाऱ्यांचे छायाचित्र घेताना छिद्र लहान करून आणखी एक प्रत अवश्य घ्यावी, म्हणजे ते कोणत्या ओसरीवर बसले होते हेही नातवंडांना दिसेल.