जांभूळ (ठाणे–कल्याण परिसर)

(सिझिजियम क्युमिनी; कुल : मिर्टेसी). भारतीय उपखंड व आग्नेय आशियातला सदाहरित फळवृक्ष. लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याचे वर्णन मिर्टस वंशात केले. आजचे नाव स्कील्स यांनी १९१२ मध्ये रूढ केले. जुन्या ग्रंथांत तो युजेनिया जांबोलाना म्हणून सापडतो.

आढळ : येऊरच्या जंगलात, मलंगगडाच्या उतारांवर व मुरबाड-शहापूरच्या रानांत सर्रास. उल्हास, काळू, भातसा यांच्या काठी व ओढ्यांलगत झाडे विशेष उंच वाढतात. कल्याण-डोंबिवलीत जुनी झाडे सोसायट्यांच्या आवारात व रस्त्याकडेला उरली आहेत. तेथे रानटी आणि लावलेले असा भेद फारसा करता येत नाही. प्रसार पक्षी, वटवाघळे व उदमांजरे करतात.

स्वरूप व भेद : उंची ३० मीटरपर्यंत. बुंध्याची साल खालच्या बाजूस खडबडीत व भेगाळ, वर गुळगुळीत फिकट. पाने समोरासमोर, चिवट. उजेडात धरल्यास तैलग्रंथींचे ठिपके आणि कडेला समांतर धावणारी शीर स्पष्ट दिसते. पान चुरगळल्यास टर्पेंटाइनसारखा वास येतो. पांढरट फुलांचे घोस बहुधा पानांमागच्या जुन्या फांद्यांवर येतात. पाकळ्या टोपीसारख्या एकत्र गळतात. फळे मे-जूनमध्ये पिकतात.

सर्वाधिक विविधता फळात आहे. रानातले फळ बहुधा लहान, तुरट व बी मोठे असलेले. निवडक झाडांचे लांबट, गरदार व गोड. बाजारात लहान फळाला ‘लेंडी’ व मोठ्याला ‘राय’ जांभूळ म्हणतात. पण एकाच ओढ्याकाठी दोन्ही टोकांची व मधली झाडे भेटत असल्याने ही विभागणी जाती म्हणून टिकत नाही. ओढ्यातले अरुंद पानांचे पानजांभूळ मात्र बहुतेक अभ्यासक वेगळी जाती मानतात.

उपयोग : फळे खातात, लाकूड पाण्यात टिकते, बियांचे चूर्ण मधुमेहावर देण्याची प्रथा आहे.

व्यापार व लागवड : हंगामात आदिवासी स्त्रिया पानांच्या द्रोणांतून फळे स्थानकांबाहेर विकतात. बदलापूर व बहाडोली (पालघर, २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात) येथील जांभळांना भौगोलिक मानांकन आहे. ‘कोकण बहाडोली’ हा वाण दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा. बी वाळले की रुजवण क्षमता लवकर जाते. ताज्या बीतून पुष्कळदा एकाहून अधिक रोपे निघतात, तरी खात्रीच्या फळासाठी कलमच करतात.