वचनावरील विश्वासाची कसोटी

इ. स. १८१२ मध्ये अमेरिकेतून काही तरुण मिशनरी कलकत्त्यास उतरले. कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांनी १८१३ मध्ये मुंबई गाठली आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. अ‍ॅडोनिराम जडसन व त्यांची पत्नी अ‍ॅन यांच्या वाट्याला मात्र ब्रह्मदेश आला. १८१३ च्या जुलैमध्ये ती दोघे रंगूनला पोहोचली.

तेथे परधर्म स्वीकारणे म्हणजे राजाचा कोप ओढवून घेणे होते. ईश्वराची वचने खोटी ठरत नाहीत, एवढीच काय ती या दांपत्याची शिदोरी. पहिल्या ब्रह्मी मनुष्याने बाप्तिस्मा घेतला तो सहा वर्षांनी, १८१९ मध्ये. १८२० मध्ये जडसन यांनी धर्माचरणाची मोकळीक मिळावी म्हणून राजाकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. तरीही भाषांतराचे काम त्यांनी थांबविले नाही. १८२३ मध्ये नवा करार ब्रह्मी भाषेत पूर्ण झाला.

पुढल्याच वर्षी इंग्रजांशी युद्ध जुंपले. परकी म्हणून जडसन यांना आवा येथे बेड्या पडल्या. अ‍ॅन यांनी ते हस्तलिखित आधी जमिनीत पुरले, मग एका ओबडधोबड उशीत शिवून तुरुंगात पोहोचविले. कैद्यांना दुसरीकडे हलविताना उशी मागेच राहिली. एका शिष्याने तिचा कापूस आठवण म्हणून जपला आणि पुढे त्यात कागद सुखरूप सापडले.

सुटका झाली, पण १८२६ मध्ये अ‍ॅन वारल्या, पाठोपाठ तान्ही मुलगीही गेली. जडसन विरक्त झाले, रानात एकांतवासात राहिले. ईश्वर आहे, पण आपल्याला तो गवसत नाही, अशा अंधारात त्यांचे दिवस गेले. वचनांनी त्यांना दुःखातून सूट दिली नव्हती. विश्वासाची खरी कसोटी तुरुंगात नव्हे, येथे लागली.

त्या अंधारातून ते पुन्हा लेखणीकडेच वळले. १८३४ मध्ये संपूर्ण बायबलचे भाषांतर पुरे झाले. १८५० मध्ये समुद्रप्रवासात त्यांचे निधन झाले; त्यांचे भाषांतर मात्र ब्रह्मी ख्रिस्ती मंडळींत आजही वाचले जाते. विश्वास म्हणजे शंकेचा अभाव नव्हे. शंकेनंतरही हातचे काम न टाकणे, हाच या चरित्राचा अर्थ.