ठिणगीचा उपद्रव

मोटारींत बसून गाणें ऐकणें आज अंगवळणीं पडलें आहे. परंतु या सुखाच्या आड प्रथम खुद्द मोटारच आली होती.

पेट्रोलची वाफ पेटविण्यासाठीं इंजिनांतील प्लगमध्यें ठिणगी पाडावी लागते. हर्ट्झनें १८८७-८८ मध्यें कार्ल्सरूह येथें विद्युच्चुंबकीय लहरी निर्माण केल्या, त्या ठिणगीनेंच. मार्कोनीचे पहिले बिनतारी संदेशही ठिणगीनेंच गेले. अर्थात् प्रत्येक मोटार हें नकळत एक फिरतें प्रक्षेपणयंत्रच होतें. १९३० सालीं अमेरिकेंत गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला, तेव्हां इंजिनाची ही कडकड हाच मोठा अडसर होता.

उपाय साधे होते. प्लगच्या तारांत हजारों ओहमचे रोधक घालावयाचे, डायनामोला कंडेन्सर जोडावयाचा, आणि तारांवरील धातूचें वेष्टण गाडीच्या सांगाड्यास जोडावयाचें. रोधकानें ठिणगी विझत नाहीं. विद्युत्प्रवाहाचीं अतिशीघ्र आंदोलनें मात्र दबतात.

आमच्या मतें खरा प्रश्न येथून पुढचा आहे. रेडिओ बाळगणारा हा खर्च हौसेनें करी. पण ज्याच्या गाडींत रेडिओ नाहीं, त्यानें रस्त्यालगतच्या घरांतील श्रोत्यासाठीं पदरमोड कां करावी? येथें केवळ सौजन्य पुरेना. १९३४ मध्यें पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, आणि असा उपद्रव मोजावा कसा व कितपत चालवून घ्यावा, हें ठरविण्याचें काम तिनें हातीं घेतलें. पुढें रोध तारेंतच सामावला, आणि मालकाच्या मर्जीचा प्रश्नच उरला नाहीं. शेजाऱ्याची शांतता हाही यंत्राचाच एक भाग आहे, हें आम्हांस या लहानशा रोधकानें शिकविलें.