खुराड्याचे दार

उल्हासनगर कॅम्प नं. ३ च्या भर बाजारात कोणी कोल्ह्याची गोष्ट काढली, तर ऐकणारा हसेल. परंतु या शहराचे वय फारसे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या मोकळ्या जमिनीवर लष्कराची छावणी उभी राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांनी तिच्या बराकींत संसार थाटले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. माळ संपला, तसे कोल्ह्याचे रानही आक्रसले. मात्र अंबरनाथ-बदलापूरच्या पलीकडे, जेथे अजून भातखाचरे आणि झुडपी रान आहे, तेथे कोंबड्या पाळणाऱ्या घरांना हा विषय थट्टेचा वाटत नाही. कोंबडी ही गृहिणीची पुंजी होय. अंडी विकून मुलांच्या वह्या येतात, सणासुदीला कोंबडा कामी येतो. एका रात्रीत खुराडे रिकामे झाले, तर ती पुंजीच बुडते.

प्रथम चोर ओळखला पाहिजे. आपण सरसकट ‘कोल्हा’ म्हणतो. पण खोकड निराळे. खोकड दोन-तीन किलोंचे, काळ्या शेपूटटोकाचे. कोल्हा त्याच्या तिप्पट वजनाचा आणि सांजवेळी कोल्हेकुई करणारा. हिब्रू भाषेतील ‘शूआल’ या शब्दात मात्र दोन्ही प्राणी सामावतात. म्हणूनच शास्ते या ग्रंथात शमशोनाने धरलेले तीनशे प्राणी कोल्हेच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू हेरोदाला याच धूर्त प्राण्याची उपमा देतो आणि लगेच पुढे स्वतःला पिल्ले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची. हे वैर किती जुने आणि किती घरोघरचे होते, याची ती साक्षच आहे.

या वैरावर माणसाने शोधलेला पहिला उपाय मारण्याचा. इंग्रज अधिकाऱ्यांना येथे विलायतेसारखी खोकडाची शिकार साधेना, तेव्हा त्यांनी शिकारी कुत्री कोल्ह्यामागे सोडली. निलगिरीतील उटकमंडची हंट त्यासाठीच प्रसिद्ध झाली. खेड्यापाड्यांत फासे लागले, मांसात विष कालवले गेले. पण विष कोल्हा ओळखत नाही. ते राखणीचा कुत्रा, घार, गिधाड यांनाही मारते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या परवान्यांना जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद केली. २०२२ च्या दुरुस्तीने तर कोल्हा पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत बसवला. आज त्याला मारणाऱ्याला किमान तीन वर्षांचा कारावास आहे.

मग कोंबड्यांचे काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्तच आहे. याचे उत्तर कायद्याहून जुने आहे. आपल्या आज्या दिवेलागणीला कोंबड्या मोजून डालग्याखाली झाकीत अथवा खुराड्यात कोंडीत, त्यात सारे शास्त्र आले. कोल्हा मुख्यतः रात्री व झुंजुमुंजू वेळी फिरतो, तो उकरतो आणि फट शोधतो. म्हणून खुराडे जमिनीपासून उंच असावे, जाळी भक्कम असावी आणि कुंपणाची जाळी हातभर जमिनीत पुरून बाहेरच्या अंगास वळवावी. कोंबडीची आतडी व उष्टे उघड्यावर टाकू नये. तेच तर त्याला दिलेले आमंत्रण. आणि पिल्लू गेले की कोल्ह्यालाच दोष देऊ नये. मुंगूस, रानमांजर व भटकी कुत्रीही त्या वाटेने येतात.

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण उगाच पडली नाही. उंदीर, किडे, फळे, मेलेले जनावर, मिळेल ते खाणारा हा प्राणी आहे. शेतातले उंदीर कमी करण्यात त्याचाही वाटा असतो. तथापि त्याच्याशी सलगीही नको. २०२४ साली मुंबईत चेंबूर भागातील मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला. जखमी वा विचित्र वागणारा कोल्हा दिसल्यास हात न लावता वनखात्यास कळवावे.

बंदूक, फासा, विष यांचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडला. यांपैकी एकानेही कोंबडी कायमची वाचवली नाही. एक कोल्हा मेला की मोकळ्या रानात दुसरा येतो. कोंबडी वाचवली ती रोज सायंकाळी न चुकता लावलेल्या दाराने. ज्या घरात त्याचा कंटाळा झाला, तेथेच कोल्हा शिरला.