दुखण्याला नाव मिळालं त्याची गोष्ट



आजच्या भागात एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहे. दुखणं आपल्या ओळखीचं आहे, नाव मात्र थोड्याच जणींनी ऐकलं असेल: एंडोमेट्रिओसिस. नाव अवघड आहे, म्हणून आधी ते काय असतं ते बघू.

गर्भपिशवीला आतून मऊ अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत गळून जातं. काही बायकांमध्ये तसंच अस्तर पिशवीच्या बाहेर रुजतं. अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवरसुद्धा. पाळीच्या दिवसांत तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आत सूज राहते, वण पडतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत अंथरूण धरायला लावणाऱ्या कळा, संबंधाच्या वेळी दुखणं, शौचाला बसताना कळ येणं, दिवस न राहणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहापैकी एका बाईला हा आजार असतो.

गोष्ट सुरू होते १८६० साली, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात. तिथले डॉक्टर कार्ल फॉन रोकिटान्स्की मृतदेह तपासून रोगांचा शोध घेत. अस्तरासारखा भाग नको त्या जागी वाढलेला त्यांना दिसला आणि त्यांनी तो लिहून ठेवला. त्यानंतर साठेक वर्षांनी अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरात डॉ. जॉन सॅम्पसन यांनी अंडाशयातल्या काळपट रक्ताच्या गाठींचा अभ्यास केला. १९२१ साली त्यांनी या गाठींना चॉकलेटची उपमा दिली. आज सोनोग्राफीच्या कागदावर ‘चॉकलेट सिस्ट’ लिहिलेलं दिसतं, ते तिथून आलं. १९२७ साली त्यांनी कारण मांडलं: पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातले कण तिथे रुजतात. नंतर कळलं की असं उलटं रक्त बहुतेक बायकांचं जातं, पण रुजतं थोड्याच जणींच्या पोटात. त्याचं पूर्ण कोडं डॉक्टरांना अजून सुटलेलं नाही.

आजाराला नाव मिळालं, पण बाईला बोलही लागला. १९४० च्या दशकात बोस्टनचे डॉ. जो मेग्ज म्हणू लागले की शिकलेल्या, सुखवस्तू बायका लग्न आणि मूल लांबवतात, म्हणून हा आजार होतो. उपाय काय, तर लवकर लग्न आणि लवकर मूल. पुढे याला ‘नोकरीवाल्या बायकांचा आजार’ असं नावच पडलं. गरीब आणि काळ्या बायकांच्या ओटीपोटात दुखलं, तर डॉक्टर ते जंतुसंसर्गाचं समजत. १९७६ साली शिकागोच्या डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी दुर्बिणीतून तपासून दाखवलं की संसर्गाचा शिक्का बसलेल्या बऱ्याच काळ्या बायकांना खरं तर एंडोमेट्रिओसिस होता. दोष बायकांचा नव्हता, बघणाऱ्यांनी नीट बघितलं नव्हतं. आपल्याकडेही मुलीला सांगतात ना, लग्न झालं की थांबेल, एक मूल झालं की बरं वाटेल?

आता गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. १९८० साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मेरी लू बॉलवेग आणि कॅरोलिन कीथ या दोघींनी याच आजाराच्या बायकांची एक संघटना उभी केली. सुरुवात आपल्या गटासारखीच: थोड्या बायका एकत्र बसल्या आणि बोलल्या. मग त्यांनी नोंदी ठेवायला घेतल्या. दुखायला कधी लागलं, डॉक्टर काय म्हणाले, कशाने बरं वाटलं. या नोंदी जमत गेल्या तेव्हा दिसलं की बऱ्याच जणींचं दुखणं विशीच्या आतच सुरू झालं होतं आणि कितीतरी जणींना ‘एवढं दुखतंच’ असं सांगून घरी पाठवलं होतं. एकटीचं सांगणं कुरकुर वाटत होतं. हजारो जणींची नोंद डॉक्टरांना बाजूला सारता येईना.

आता ऑपरेशनचा इतिहास. पूर्वी पोट मोठं उघडूनच ऑपरेशन होई. पोटातल्या अवयवांवर पातळ, ओलसर आवरण असतं. त्याला जखम झाली की ते भरून येताना खळीसारखा चिकट थर धरतो आणि दोन भाग एकमेकांना चिकटून बसतात. ओले पापड एकमेकांवर पडले तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. चिकटलेले पापड सोडवायला गेलं की फाटतात. पोटातही तसंच. चिकटलेलं सोडवायला पुन्हा ऑपरेशन करावं, तर नव्या जखमा होतात आणि त्या पुन्हा चिकटू शकतात.

डॉक्टरांच्या रबरी हातमोज्यांना लावलेली पूडही पोटात राहून चिकटण्याला कारण होते, असं लक्षात आलं. अमेरिकेत अशा हातमोज्यांवर बंदी यायला २०१७ साल उजाडलं. १९९९ साली स्कॉटलंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोट उघडून ऑपरेशन झालेल्या सुमारे तीस हजार रुग्णांची दहा वर्षांची नोंद त्यात होती. साधारण तीनपैकी एक रुग्ण चिकटण्यामुळे, किंवा चिकटण्याशी संबंध असू शकेल अशा कारणाने, सरासरी दोनदा पुन्हा दवाखान्यात दाखल झाला होता. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जखम लहान असते, चिकटण्याचा धोका कमी होतो. तो पूर्ण जात नाही.

आपल्या महाराष्ट्राचा इतिहासही यात आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी व उपचार झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. पुढे तीस वर्षांनी, २०१९ साली, सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. आधी कोणी तपासत नव्हतं, नंतर थेट पिशवीच काढू लागले. नीट तपासणी, निदान, औषधं हा मधला रस्ता आपल्या वाट्याला आलाच नाही.

गटाच्या कर्जवहीत ‘दवाखाना’ हे कारण मी नेहमी लिहिते. त्यात ‘पिशवीचं ऑपरेशन’ असतं, आणि कधी त्याच बाईचं वर्ष-दोन वर्षांनी ‘आतडं चिकटलं’ म्हणून दुसरं कर्ज असतं. म्हणून हा इतिहास आपल्या पैशाचाही आहे.

तर काय लक्षात ठेवायचं? एंडोमेट्रिओसिसचे ठिपके पिशवीच्या बाहेर असतात, म्हणून पिशवी काढली की दुखणं जाईलच असं नाही. कमी वयात अंडाशयही काढले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. २०२२ सालच्या युरोपीय तज्ज्ञांच्या सूचना सांगतात की निदानासाठी प्रत्येकीचं पोट दुर्बिणीने बघायलाच हवं असं नाही. सोनोग्राफी आणि लक्षणांवरून औषधं सुरू करता येतात. ऑपरेशन सांगितलं तर विचारा: औषधाने भागेल का? नक्की काय काढणार? अंडाशय ठेवणार का? दुर्बिणीने होईल का? दुसरं किंवा तिसरं असेल, तर आधीच्या ऑपरेशनचे कागद डॉक्टरांसमोर ठेवा आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

ऑपरेशन झालेल्या बाईला डॉक्टर सांगतील तेव्हा उठवून थोडं थोडं चालवा, पण हंडा आणि सरपणाचा भारा काही आठवडे घरातल्या दुसऱ्यांनी उचलावा. पुन्हापुन्हा ऑपरेशन झालेली बाई वरून बरी दिसते, तरी थकवा आणि दुखणं महिनोन् महिने राहू शकतं. तिला आळशी म्हणू नका. आणि पोट फुगलं, उलट्या होताहेत, वारा सरत नाही, शौचाला होत नाही, असं झालं तर सकाळची वाट बघू नका. आतडं अडकलेलं असू शकतं. लगेच मोठा दवाखाना गाठा.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं ठेवा. ज्यांना पाळीत काम सुटेपर्यंत दुखतं, त्यांनी एका वहीत तारीख, किती दिवस दुखलं आणि काय घेतलं ते लिहावं. लिहिता न येणारीची नोंद शेजारणीने करावी. आपल्या शाळकरी मुलींनाही विचारा. तीन महिन्यांची वही घेऊन आशाताईंबरोबर डॉक्टरांकडे जा. मिलवॉकीच्या बायकांनीही नोंदीपासूनच सुरुवात केली होती. वही आपल्याकडे आहेच, फक्त एक पान नवीन उघडायचं आहे.